क्वांटम कंपायलर, आपल्याच लॅपटॉपवर सोर्सपासून

२०२४ च्या ऑगस्टमधली बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. कुलाब्याची टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था, पुण्यातली डीआरडीओची क्वांटम टेक्नॉलॉजीची यंग सायंटिस्ट लॅब आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्युबिट टीआयएफआरमधे डिझाइन करून तिथेच बनवलेले, कंट्रोलची इलेक्ट्रॉनिक्स पुण्याच्या लॅबने जुळवलेली, क्लाउड इंटरफेस टीसीएसचा. मला त्यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे चाचणी कशी घेतली ती: क्लाउडवरून एक सर्किट, म्हणजे गेट्सची (क्युबिटवर करायच्या क्रियांची) यादी, पाठवलं, ते चिपवर चाललं, आणि उत्तर परत क्लाउडवर आलं. आता पाठवलेलं सर्किट म्हणजे शेवटी थोड्या ओळींचा मजकूर, आणि सुपरकंडक्टिंग चिपला कळतात फक्त मायक्रोवेव्हचे पल्स, मग मधल्या सगळ्या प्रवासाला जे सॉफ्टवेअर लागतं त्यात मोठा वाटा असतो कंपायलरचा, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला झेपेल अशा रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

आणि हाच एक भाग असा आहे की त्याला हात लावायला कुलाब्याला जायची गरज नाही. चिप चालवायला ॲब्सोल्यूट झिरोच्या वर जेमतेम एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकं तापमान ठेवणारा फ्रिज लागतो, तो ठाण्यात कोणाच्या घरी येणार नाहीये, पण असे कंपायलर आहेत ज्यांचा सगळा कोड उघडा आहे, फुकट आहे, आणि साध्या लॅपटॉपवर तो स्वतः बिल्ड करता येतो, म्हणजे सोर्सपासून (मूळ कोडपासून) चालणारा प्रोग्राम बनवता येतो.

तर हा कंपायलर करतो काय? तुम्ही प्रोग्राममधे लिहिता टोफोली गेट, म्हणजे तीन क्युबिटचं गेट, पण हार्डवेअरला बहुतेक वेळा एका क्युबिटची काही आणि दोन क्युबिटचं एखादं, एवढीच गेट्स येत असतात. मग कंपायलर टोफोली फोडतो, आणि नेहमीच्या पद्धतीने त्यातून ६ सीनॉट (हे दोन क्युबिटचं गेट), ७ टी गेट आणि २ हॅडमार्ड गेट (ही दोन्ही एका क्युबिटची) निघतात. एक ओळ लिहिली आणि १५ गेट्स झाली. सुपरकंडक्टिंग मशीनवर झेड अक्षाभोवती फिरवणारं गेट मात्र जवळजवळ फुकट पडतं, कारण त्यासाठी पल्स पाठवावाच लागत नाही, पुढच्या पल्सची फेज सॉफ्टवेअरमधे बदलली की काम झालं. चांगला कंपायलर हे ओळखून जमेल तेवढं काम त्या गेटवर ढकलतो.

खरी डोकेदुखी मात्र पुढे आहे, ती म्हणजे कुठला क्युबिट कुठे ठेवायचा. बऱ्याच चिपवर प्रत्येक क्युबिट फक्त शेजारच्याशीच बोलू शकतो. आपली ट्रान्सहार्बर लाइन डोळ्यासमोर आणा, ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, प्रत्येक स्टेशन एक क्युबिट, आणि नियम असा की सीनॉट फक्त लागून असलेल्या दोन स्टेशनांमधेच होणार. तुमच्या प्रोग्रामला ठाण्याचा आणि घणसोलीचा सीनॉट हवाय. थेट नाही होणार, आधी स्वॅप (शेजारच्या दोन क्युबिटच्या माहितीची अदलाबदल) करत करत माहिती जवळ आणायची, आणि एक स्वॅप म्हणजे ३ सीनॉट. ठाण्याची माहिती रबाळ्यापर्यंत आणायला ३ स्वॅप, म्हणजे ९ सीनॉट नुसत्या प्रवासाला आणि मग हवा असलेला १. थोडी अक्कल लावली तर दोन्ही टोकांनी एकदमच निघता येतं, ठाण्याची माहिती दिघ्याला येतेय तेव्हाच घणसोलीची रबाळ्याला, मग उरला एकच स्वॅप. स्वॅप तितकेच, पण वेळ कमी, आणि क्वांटममधे वेळ म्हणजे क्युबिट माहिती विसरायच्या आत काम उरकणं. शिवाय काम झाल्यावर सगळ्यांना परत आपापल्या स्टेशनवर सोडायची गरज नसते, कोण कुठे पोचलंय ते कंपायलर लिहून ठेवतो आणि शेवटी उत्तर वाचताना तो क्रम लावून देतो. मुळात ज्यांचं एकमेकांशी जास्त काम आहे त्यांना सुरुवातीलाच शेजारी बसवलं तर बरेचसे स्वॅप लागतच नाहीत, ही सुरुवातीची मांडणी शोधणं हाच अवघड प्रश्न आहे आणि क्युबिट वाढले की सगळ्या शक्यता तपासून बघणं अशक्य होतं, म्हणून अंदाजाने चांगलं उत्तर काढणाऱ्या पद्धती वापरतात. २०१९ ची सेबर नावाची पद्धत त्यातली गाजलेली, सर्किट पुढून मागे आणि मागून पुढे चालवून ती सुरुवातीची मांडणी सुधारत नेते. मला ती कल्पना फार आवडते, क्वांटम सर्किट उलटं चालवता येतं या गोष्टीचा इतका सरळ उपयोग करून घेतलाय.

एवढा जीव कशाला टाकायचा त्यात, तर हिशोब करून बघा. समजा दोन क्युबिटचं एक गेट ९९.५ टक्के वेळा बरोबर चालतं. अशी १०० गेट्स लावली की सगळं बिनचूक व्हायची शक्यता साधारण ६१ टक्के, ३०० लावली की २२ टक्के. कंपायलरने गेट्स ३०० वरून १०० वर आणली तर तेच मशीन, तोच फ्रिज, पण उत्तर वापरण्यासारखं.

आता बिल्डकडे. ऐरोलीत आमच्या ओळखीची इंजिनिअरिंगची काही मुलं-मुली शनिवारी संध्याकाळी जमतात, त्यांच्याबरोबर हे केलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, "दादा, पिप इन्स्टॉल केलं की दोन मिनिटांत येतं ना, मग सोर्स कशाला?" पिप म्हणजे पायथनची तयार पॅकेजं आणून टाकणारं साधन, त्यामुळे प्रश्न एकदम रास्त आहे. नुसते प्रोग्राम चालवायचे असतील तर तयार पॅकेजच घ्यावं, उगाच वेळ घालवू नये. पण वर सांगितलं ते फोडणं, मांडणं, काटछाट करणं आत नक्की कुठे होतं ते बघायचं असेल, त्यातला एखादा टप्पा बंद करून काय बिघडतं ते पाहायचं असेल, तर सोर्सच पाहिजे, दुसरा मार्ग नाही.

निवड दोन प्रकारची. एक म्हणजे किस्किट हे क्वांटम प्रोग्रामिंगचं पॅकेज, आयबीएमने २०१७ साली सुरू केलेलं. ते पायथनमधे आहे पण जड कामं रस्ट भाषेत हलवलीत, त्यामुळे बिल्डला पायथनबरोबर रस्टचा कंपायलर लागतो, तो टाकला, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं, सोर्सच्या फोल्डरमधून पिप चालवलं की बाकीचं तेच बघतं. सुरुवातीला हेच करा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार एलएलव्हीएमवर उभ्या असलेल्या कंपायलरांचा. एलएलव्हीएम हा कंपायलर बांधायला तयार भाग देणारा, इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेला प्रोजेक्ट, आज आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींचा बराचसा कोड त्याच्यातून जातो. प्रिन्स्टन आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्यावर स्कॅफसीसी हा क्वांटम कंपायलर बांधला, २०१४ मधे त्यावरचा पेपर आला. यातली स्कॅफोल्ड भाषा दिसायला सी सारखी, त्यामुळे ज्याने कॉलेजात सी केलंय त्याला लूप आणि फंक्शन ओळखीचे वाटतात. त्यामागचा विचार छान आहे: क्वांटम प्रोग्राममधे इनपुट केवढं आहे हे बहुतेक वेळा आधीच माहीत असतं, मग लूप किती वेळा फिरणार, कुठली फांदी घेतली जाणार हे सगळं कंपाइल करतानाच सोडवून टाकता येतं आणि हाती उरते फक्त गेट्सची यादी. लूप उलगडणं, माहीत असलेल्या किमती आत भरणं ही कामं एलएलव्हीएम आधीपासून करतच होतं, ती नव्याने लिहावी लागली नाहीत.

पण हा प्रकार बिल्ड करताना धीर लागतो. यातलं एलएलव्हीएम जुनं आहे आणि नवीन जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) जुन्या सी प्लस प्लस कोडवर कटकट करतो, बऱ्याचदा कारण एवढंच असतं की आधी एखादी हेडर फाइल दुसरीच्या पोटातून आपोआप यायची आणि आता येत नाही. अशा वेळी आख्खी सिस्टिम जुनी करण्यापेक्षा डॉकरमधे, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात, जुनं उबुंटू लिनक्स घ्यावं आणि तिथेच बिल्ड करावं. एरर वाचताना नेहमी पहिली एरर वाचायची, खालच्या शंभर ओळी तिचीच पोरंबाळं असतात.

नवीन एलएलव्हीएम स्वतः बिल्ड करायची वेळ आली तर मेमरी आधी बघा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर सगळे कोअर एकदम लावले की कंपाइल बरंच पुढे जातं आणि मग लिंकिंगला, म्हणजे तयार तुकडे जोडायच्या टप्प्याला, येऊन नुसतं किल्ड असा एक शब्द छापून थांबतं. मुलांना वाटतं कोड बिघडलाय, पण तिथे लिनक्सनेच मेमरी संपतेय म्हणून प्रोसेस मारलेली असते. उपाय सोपे आहेत, सीमेकला (बिल्डची आखणी करणारं साधन) डीबगऐवजी रिलीज बिल्ड सांगायचं, टार्गेट फक्त आपल्या प्रोसेसरचं ठेवायचं, निंजाला (ते बिल्ड चालवणारं साधन) एकावेळी दोनच कामं द्यायची आणि लिंकिंग एकावेळी एकच. वेळ जास्त जाईल, रात्री लावून झोपा. गिट क्लोन करताना (कोड उतरवून घेताना) सबमॉड्युल, म्हणजे आत जोडलेले दुसरे प्रोजेक्ट, घ्यायला विसरलात तर फोल्डर दिसतात पण आत रिकामे, ते आधीच तपासा, आणि कंपायलरने एलएलव्हीएमची जी आवृत्ती मागितली असेल तीच द्या, थोडीशी नवीन चालेल असं समजू नका कारण आतली इंटरफेस दर आवृत्तीला बदलतात. इन्स्टॉल होम फोल्डरमधेच एखाद्या वेगळ्या जागी करा आणि पाथमधे ती जागा घाला, म्हणजे सिस्टिममधल्या क्लँगशी (एलएलव्हीएमवरचा सी कंपायलर) मारामारी होत नाही आणि नको झालं तर एक फोल्डर उडवला की संपलं.

बिल्ड झालं म्हणजे झालं असं नाही, टेस्ट चालवायच्याच. क्वांटम कंपायलरच्या टेस्टमधे एक गंमतीचा प्रश्न येतो, की मूळ सर्किट आणि कंपाइल झालेलं सर्किट एकच काम करतात हे सिद्ध कसं करणार? छोट्या सर्किटला दोघांचं मॅट्रिक्स, म्हणजे सर्किट काय करतं ते सांगणारा आकड्यांचा तक्ता, काढून तुलना करतात, १० क्युबिटला ते १०२४ बाय १०२४ चं होतं, लॅपटॉपला काहीच नाही. पण ३० क्युबिटची नुसती एक स्टेट साठवायलाच १६ जीबी लागतात, मॅट्रिक्सचं तर नावच काढू नका. तुलना करतानाही आकडे हुबेहूब जुळायची अपेक्षा धरायची नाही, दोन्ही मॅट्रिक्समधे सगळीकडे सारखा ग्लोबल फेजचा फरक असू शकतो आणि तो मोजमापात कधीच दिसत नाही, म्हणून तो बाजूला काढून मग तुलना. हे माहीत नसेल तर बरोबर चाललेला कंपायलरही चुकीचा वाटतो.

देशात २०२३ च्या एप्रिलमधे ६,००३ कोटींच्या वर खर्चाचं नॅशनल क्वांटम मिशन मंजूर झालं, ८ वर्षांत ५० ते १००० क्युबिटची मशीन बनवायचं त्यात ठरलंय. प्रत्येक मशीनची गेट्स वेगळी, जोडण्या वेगळ्या, म्हणजे प्रत्येकासाठी कंपायलरमधे कोणीतरी बसून बदल करावे लागणार. महापे, ऐरोली, वागळे इस्टेटमधे सॉफ्टवेअरची एवढी माणसं काम करतात, त्यातल्या कोणाला हे काम आवडू शकतं, आणि त्यासाठी फिजिक्सची पीएचडी असलीच पाहिजे असं अजिबात नाही. मॅट्रिक्सचा गुणाकार, ग्राफ आणि भरपूर चिकाटी, एवढ्यावर सुरुवात होते.

तो पिपचा प्रश्न विचारणारीने नंतर स्वतःच एक प्रयोग केला. लागून आलेले दोन सारखे सीनॉट एकमेकांना रद्द करतात, ते शोधून काढून टाकणारा जो टप्पा असतो तो तिने सोर्समधे हलवला, स्वॅप घालायच्या आधी होता तो स्वॅप घालून झाल्यानंतर ठेवला, परत बिल्ड केलं आणि तेच सर्किट दिलं. गेट्स कमी झाली. कारण शोधायला तिने गेट्सची यादीच छापून काढली: दिघा आणि ऐरोलीच्या जागी आधी एक सीनॉट होता आणि राउटिंगने (स्वॅप घालणाऱ्या टप्प्याने) त्याच जोडीवर लगेच स्वॅप घातला होता. स्वॅपचे ३ सीनॉट उलगडल्यावर त्यातला पहिला आधीच्या सीनॉटला चिकटून आला आणि दोघेही गेले, ४ ऐवजी २ उरले. मग तिने वहीत लिहून दाखवलं की स्वॅप दोन्ही दिशांनी सारखाच, त्यामुळे त्याचा पहिला सीनॉट कुठल्या दिशेचा घ्यायचा हे आपल्या हातात आहे, आणि आता ती राउटिंगलाच हे आधी कळवता येईल का ते बघतेय, म्हणजे जिथे सीनॉट नुकताच झालाय तिथला स्वॅप ३ चा नाही तर १ चाच धरायचा.