अमेरिकन गाडी, परका रेडिओ

अमेरिकेतून युरोपात आणलेल्या गाडीचा रेडिओ लावला, की घोळ पहिल्याच दिवशी लक्षात येतो. केंद्र असतं ९८.४ वर आणि आकडा ९८.३ वरून थेट ९८.५ वर उडी मारतो. सेट बिघडलेला नसतो. सम दशांश त्याला शिकवलेलेच नसतात.

अमेरिकेत एफएम केंद्रांत २०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. ८८.१, ८८.३ अशी ती विषम आकड्यांवरून १०७.९ पर्यंत जातात. युरोपात मधले सम आकडेही वापरात आहेत. मीडियम वेव्हचं, म्हणजे एएमचं, भांडण वेगळं. १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत युरोप, आफ्रिका, आशिया या भागांनी ९ किलोहर्ट्झचं अंतर मान्य केलं. अमेरिका खंड १० वरच राहिले. त्यामुळे ५४०, ६३०, ७२० असे दर नव्वदाला एकदाच दोन्ही हिशेब जुळतात. शिवाय एफएमचा वरचा स्वर प्रक्षेपणात मुद्दाम चढवतात आणि सेटमध्ये तेवढाच उतरवतात. त्याचं माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, युरोपात ५०. अमेरिकन सेट गरजेपेक्षा जास्त उतरवतो, म्हणून केंद्र लागलं तरी आवाज जरा दबका येतो.

गंमत अशी, की जुन्या गाड्यांना केंद्र न लागण्याचा त्रास नव्हता. घुंडी फिरवली की काटा सरके, आणि काट्याला ना ९ कळत होते ना १०. आकडे दाखवणारे ट्यूनर आले, त्यांनी ठरावीक टप्प्यांनीच चालायला सुरुवात केली, आणि आंतरराष्ट्रीय करारांतला फरक डॅशबोर्डवर दिसू लागला. काही सेटमध्ये प्रदेश बदलण्याची सोय लपलेली असते. ती आधी शोधावी, मगच पान्याला हात घालावा.

पन्नाशीच्या दशकातला मूळ सेट तर माझ्या मते काढूच नये. १९५३ ते १९६३ या काळातल्या अमेरिकन रेडिओंच्या तबकडीवर ६४० आणि १२४० पाशी छोटे त्रिकोण असत. हल्ल्याच्या वेळी नागरिकांनी कॉनेलरॅड ही सरकारी सूचना ऐकायची ती याच दोन जागांवर. असला सेट काढून निळा दिवा लुकलुकणारं खोकं बसवणं मला तरी पटत नाही. त्यात १९५५ पर्यंतच्या फोर्ड गाड्या ६ व्होल्टच्या, आणि त्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. आजचा १२ व्होल्टचा सेट तिथे थेट जोडता येत नाही.

पुढे अडचण लहरींतून तारांत आणि खाचेत शिरली. डॅशबोर्डमध्ये रेडिओ बसवायची जर्मन डिन मापाची खाच १८० बाय ५० मिलिमीटरची. जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांत ती उंचीला जवळपास दीडपट, त्यामुळे नव्या सेटभोवती चौकट लावावीच लागते. २००० च्या सुमारास रेडिओ गाडीच्या डेटा वायरिंगवर, म्हणजे गाडीचे भाग एकमेकांना संदेश देतात त्या तारांवर, आला आणि काम आणखी चिघळलं. जनरल मोटर्सच्या अनेक मॉडेलांत दार उघडं असल्याची, पट्टा न लावल्याची घंटी रेडिओच वाजवतो. रेडिओ काढला की गाडी मुकी. त्यासाठी वेगळं इंटरफेस मॉड्यूल जोडावं लागतं.

आता सेट बदलायला डिजिटलचं नवं कारण आलं आहे. अमेरिकेने २००२ मध्ये एचडी रेडिओ या डिजिटल पद्धतीला मान्यता दिली. तो जुन्याच एएम-एफएम पट्ट्यांत चालतो. युरोपातला डिजिटल रेडिओ, म्हणजे डॅब, मात्र १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद केलं; युरोपीय संघात डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारीत रेडिओ असेल तर त्यावर जमिनीवरून प्रसारित होणारा डिजिटल रेडिओही लागलाच पाहिजे. आयात केलेल्या जुन्या गाडीवर ही सक्ती नाही, पण केंद्रं तिकडे चालली म्हटल्यावर मालकालाही जावंच लागतं. आणि नुसता सेट बदलून भागत नाही, कारण छपरावरचा अँटेना त्या पट्ट्यासाठी बनवलेलाच नसतो. बरेच जण काचेला आतून चिकटवायचा दुसरा अँटेना लावतात. काही जण मूळ सेट फेकतही नाहीत. लांब वायरिंग ओढून तो डिकीत ठेवतात, आणि तो तिथूनच पट्ट्याची घंटी वाजवत राहतो.