तलावाच्या पोटात बांधी पडतेय? अर्ज कुठं करायचा, कागद कोणते लागतात

मे महिन्यात तलाव आटला की ट्रॅक्टर उतरतो. पहिल्या साली बुडिताच्या (पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीच्या) कडेला एक धुरा, म्हणजे बांध पडतो, दुसऱ्या साली तिथं धानाची बांधी, म्हणजे बांधबंदिस्त शेत दिसतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव, असेच आतून आक्रसतात.

हे अतिक्रमण काढायचा अर्ज कोण करू शकतो? गावातला कोणीही. तलावाखाली आपली शेती असायची गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20 प्रमाणे खाजगी हक्क सिद्ध नसलेले नदी, नाले, तलाव शासनाचे. अतिक्रमण काढण्याची तरतूद कलम 50 मध्ये आहे. अर्ज तहसीलदारांच्या नावानं. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेलं गाव असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडाच.

बरेच जण अर्जात फक्त 2017 च्या पाणथळ नियमांचा दाखला देतात. पाणथळ जागी भर टाकायची नाही, गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही, हे त्यात आहे. पण नदीपात्र, धानाची शेतं आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव त्याच नियमांच्या व्याख्येतून वगळलेत. मामा तलाव बांधले कशासाठी? सिंचनासाठीच! समोरच्याचा वकील नेमकं हेच बोट ठेवेल.

म्हणून आधी निस्तार पत्रक काढा. महसूल संहितेच्या कलम 161 खालचा हा कागद विदर्भात जुना आहे. गावातल्या बिनभोगवट्याच्या, म्हणजे कुणाला न दिलेल्या, सरकारी जमिनीचा सामाईक वापर कसा, ते त्यात असतं. बोडी, म्हणजे छोटं तळं, खाजगी जमिनीत असेल तर वाजिब-उल-अर्ज पाहा: पाणी, वाट, मासेमारीच्या वहिवाटी तिथं नोंदवतात. दोन्हींची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत.

सोबत तलावाच्या गटाचा सातबारा, गाव नकाशा आणि तलाठ्याकडच्या गाव नमुना 1-इ चा, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीचा उतारा. आमचा पहिला अर्ज परत आला होता, कारण आम्ही गट क्रमांकाऐवजी 'देवळामागचा तलाव' लिहिलं होतं. हसू नका, गावात त्याला दुसरं नावच नाही.

फोटो दोनदा काढा. एक श्रावणात, पाणी बांधीच्या धुऱ्याला टेकलेलं असताना; दुसरा उन्हाळ्यात, त्याच जागी उभं राहून, तलावाची पाळ (बांध) आणि एखादं मोठं झाड चौकटीत येईल असा. नुसता मे महिन्यातला फोटो दिला तर साहेबांना फक्त कोरडी माती दिसते.

हद्दीचा वाद निघाला तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होते. त्या दिवशी गावातले चार जण हजर ठेवा, खुणा कुठं रोवल्या ते पाहा आणि पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका.