सुई टोचली, पण श्वासनळी उघडली का?

'फक्त सुयांनी दमा गेला, पंप कायमचा सुटला!' असे दावे हल्ली मोबाइलवर सारखे येऊन आदळतात. अॅक्युपंक्चर दम्यावर चालतं का, हे तपासता येतं. मात्र ते किचकट आहे आणि मला त्यातला किचकटपणाच फार आवडतो.

औषधाच्या गोळीशी तुलना करायला साखरेची गोळी देता येते. खोटी सुई कुठून आणायची? १९९८ साली हायडेलबर्गच्या कोनराड श्ट्राइटबेर्गर यांनी ती दाखवली. तिचं टोक बोथट असतं आणि दाबली की नाटकातल्या खंजिरासारखी ती मुठीत सरकते. कातडीवर टोचल्याचं जाणवतं, सुई आखूड झालेली दिसते, रुग्णाला वाटतं आत गेली.

अशीच कातडीत न शिरणारी सुई २०११ मध्ये बॉस्टनच्या एका प्रयोगात वापरली गेली. ३९ दमेकऱ्यांनी तो पूर्ण केला. प्रत्येकाला आलटूनपालटून चार गोष्टी मिळाल्या: श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाचा पंप, औषध नसलेला पंप, खोटी सुई आणि काहीच नाही. 'किती बरं वाटतं?' या प्रश्नावर खऱ्या पंपाला सरासरी ५० टक्के सुधारणा मिळाली, खोट्या पंपाला ४५, खोट्या सुईला ४६ आणि 'काहीच नाही'ला २१. मग पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा मोजली. खऱ्या पंपाने ती २० टक्क्यांनी वाढली, बाकी तिन्हींत जेमतेम ७ टक्क्यांनी. नुसतं बसवून ठेवलं तेव्हाही तेवढीच! ही 'काहीच नाही'ची पाळी नसती, तर ते ७ टक्के सुईच्या खात्यावर जमा झाले असते.

असं का होतं? श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळले की त्रिज्या घटते आणि संथ प्रवाहात अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट. साल्ब्युटामॉल स्नायूपेशीवरच्या बीटा-२ ग्राहींना चिकटतं, आत सायक्लिक एएमपी हा निरोप पोहोचवणारा रेणू वाढतो, कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैल पडतो. 'बरं वाटणं' मात्र मेंदूत घडतं. ते खरंच असतं, पण त्या प्रयोगात त्याने नलिका रुंदावल्या नाहीत.

या प्रयोगात खरी सुई नव्हतीच, हे विसरून चालणार नाही. २०१७ च्या जर्मन अभ्यासात १,४४५ रुग्ण होते. खऱ्या सुयांनी त्यांचं रोजचं जगणं सुधारल्याचं दिसलं, पण तिथे खोटी सुई नव्हती. म्हणजे श्रेय सुईचं की आशेचं, हे त्यावरून ठरत नाही. हैदराबादेत मृगाला जिवंत माशातून मिळणाऱ्या दम्याच्या औषधासाठी आपल्याकडूनही लोक जातात. तिथे तर तुलनेला कुठलाच गट नसतो, नुसती रांग असते.

सुया घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांनी दिलेला पंप चालू ठेवून घ्या आणि घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा वेग मोजणारं छोटं यंत्र, ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ त्यात जोरात फुंका, आकडा वहीत लिहा. आकडा घसरत असेल, तर कितीही बरं वाटत असलं तरी डॉक्टर गाठा.