उंच डोंगर म्हणजे जास्त बर्फ?

‘स्कीइंगला जायचंय? जितकं उंच ठिकाण निवडाल, तितका बर्फ जास्त’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. वरवर पटण्यासारखाच आहे. वर थंडी असतेच, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश कमी. पण थंडी बर्फ टिकवते, आणत नाही. आणतं ते बाष्प.

लेह साडेतीन हजार मीटरवर, गुलमर्गचा पायथा सुमारे 2650 मीटरवर. तरी बर्फाचे थर गुलमर्गला. हिवाळ्यातले पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून बाष्प घेऊन येणारी वादळं, गुलमर्गच्या पीरपंजाल डोंगररांगेला अडतात, तिथेच रिते होतात. लेह पर्वतांच्या आडोशाला कोरडं राहतं. महाबळेश्वर आणि पाचगणी जवळपास सारख्याच उंचीवर, पाऊस मात्र केवढा वेगळा! तोच हिशेब.

जपानचं निसेको हे स्कीइंगचं ठिकाण तर आणखी गंमत. शिखर जेमतेम 1300 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ठेंगणं. पण सायबेरियाचा गार वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि तिथे भुसभुशीत बर्फ ओततो.

पडताळायचं असेल तर उंचीचा आकडा बाजूला ठेवा. तुम्ही जाणार त्या महिन्याची हिमवृष्टी आणि साचलेल्या बर्फाची जाडी पाहा, तीही पायथ्याची आणि माथ्याची वेगवेगळी. जाहिरातीत बहुधा माथ्याचीच असते.