कडबेअर शैवाक (ऑक्रोलेकिया टार्टारिया)

वायव्य युरोपातील ओलसर डोंगराळ भागात खडकांवर वाढणारे जाड, खपलीसारखे शैवाक. स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, नॉर्वे आणि स्वीडन हे त्याचे मुख्य प्रदेश. लिनीअस याने १७५३ मध्ये त्याची नोंद ‘लायकेन टार्टारियस’ या नावाने केली. पुढे १८५२ मध्ये मासालोंगो या इटालियन शास्त्रज्ञाने त्याला ऑक्रोलेकिया या वंशात आणले. नॉर्वेत त्याला ‘कोर्क्ये’ म्हणतात, तर स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘कोर्कुर’. दिसायला ते राखाडी आणि अगदी सामान्य असते, पण त्याच्यापासून जांभळा-किरमिजी रंग मिळतो. या रंगामुळे सुमारे शंभर वर्षे त्याचा मोठा व्यापार चालला.

शैवाक म्हणजे कवक (बुरशी) आणि शैवल यांचा एकत्र संसार. शरीराचा आकार आणि बांधा कवक ठरवतो, आतले हिरवे शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. बांध्यावरून शैवाकांचे ढोबळ तीन प्रकार करतात: झुडपासारखी, पानासारखी आणि खपलीसारखी. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल पानासारख्या प्रकारातले आहे. ते कडेने सुटे असते, त्यामुळे हाताने उचकटता येते. कडबेअर खपलीच्या प्रकारात मोडते. अशा शैवाकाला खालची त्वचाच नसते. कवकाचे तंतू थेट दगडाच्या कणांमध्ये शिरलेले असतात, म्हणून दगडाचा कपचा उडवल्याशिवाय ते अखंड निघत नाही. पातेल्याच्या बुडाला धरलेल्या दुधाच्या खरवडीसारखे ते दगडाला बसलेले असते आणि खरवडूनच काढावे लागते.

त्याचा कायक, म्हणजे शरीर, राखाडी-पांढरा, कधी किंचित पिवळसर, जाड आणि चामखिळींसारख्या उंचवट्यांनी भरलेला असतो. जुन्या ठिकाणी हा थर पसरत जाऊन तळहाताहून मोठे डाग होतात. त्यावर बशीच्या आकाराची धानीफले, म्हणजे कवकाचे बीजाणू तयार करणारे भाग, येतात. शैवाकांच्या मानाने ती चांगली मोठी असतात, बऱ्याचदा चार-पाच मिलिमीटर रुंद. बशीचा तळ फिकट नारिंगी ते गुलाबीसर तपकिरी आणि काठ जाड, कायकाच्याच रंगाचा. या धानीफलांमुळे भिंग नसतानाही ते लांबून ओळखू येते. तरीही निव्वळ डोळ्यांवर भरवसा ठेवणे धोक्याचे, कारण याच वंशातल्या दोन-तीन जाती त्याच डोंगरांवर शेजारीशेजारी नांदतात. ऑक्रोलेकिया अँड्रोजायना हिच्यावर पिठासारखे कण असतात. ऑक्रोलेकिया पॅरेला हिची धानीफले पांढऱ्या भुकटीने माखलेली दिसतात.

खात्री करायची असेल तर शैवाक-अभ्यासक ब्लीचचा एक थेंब कायकावर टाकतात. हे ब्लीच कपड्यांचे डाग घालवायचे साधे असले तरी चालते. थेंब पडताच तो भाग लाल होतो आणि थोड्या वेळात लाली जाते. ही लाली जायरोफोरिक आम्लाची खूण आहे आणि या शैवाकाची सगळी कीर्ती त्याच आम्लावर उभी आहे. आम्ल स्वतः रंगहीन असते, म्हणून कायक नुसता पाण्यात उकळला तर जांभळा रंग मिळत नाही.

वाढीची परिस्थिती

याला आम्लधर्मी, सिलिकायुक्त खडक लागतात. ग्रॅनाइट, नाइस, वाळूचा खडक असे खडक त्याला चालतात, चुनखडी चालत नाही. अटलांटिकवरून येणारे दमट वारे, वारंवार पडणारा पाऊस, धुके आणि थंड उन्हाळा असा प्रदेश त्याला मानवतो. मूळ नावाची गोष्टच नसल्याने पाणी आणि क्षार ते हवेतून व खडकावरून वाहणाऱ्या ओलाव्यातून घेतो. कोरड पडली की सगळे व्यवहार थांबतात, ओल आली की पुन्हा सुरू होतात. पश्चिम किनाऱ्याकडे जिथे हवा फारच ओली असते तिथे हे शैवाक खडक सोडून झाडांच्या सालीवर चढते आणि उंच माळरानात शेवाळावर पसरून त्याला गिळूनही टाकते.

हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक शैवाकांना सोसत नाही, यालाही नाही. कारखान्यांच्या धुराखाली सापडलेल्या भागांत ते शोधण्यात फारसा अर्थ नसतो. वाढीचा वेग तर फारच कमी. खपलीसारखी शैवाके सहसा वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात. जुन्या वर्णनांनुसार गोळा करणारे लोक लोखंडी पट्टीने खडक खरवडत आणि त्याच खडकाकडे साधारण पाच वर्षांनी परतत. हा हिशेब तेव्हाच जमतो जेव्हा भेगांमध्ये आणि खळग्यांमध्ये थोडा कायक मागे राहतो. खडक पुरता साफ केला तर पाच वर्षांत काही हाती लागायचे नाही. व्यापाराची मर्यादा इथेच ठरून गेली होती, पण कारखानदारांनी ती उशिरा ओळखली.

रंग कसा निघतो

खरवडलेला माल निवडून, धुऊन, वाळवून त्याची भुकटी करत. ती अमोनियाच्या द्रावणात भिजवत ठेवत. घरगुती पद्धतीत हे द्रावण म्हणजे शिळे मानवी मूत्र. ते मुरत ठेवले की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो. भांडे उबदार जागी ठेवून दिवसातून अनेकदा ढवळायचे, म्हणजे हवा आत जाते. काही दिवस द्रव नुसता तपकिरी दिसतो, मग लालसर होतो आणि काही आठवड्यांनी गडद जांभळा. घाई केली किंवा ढवळण्यात कसूर केली तर रंग मरतो.

यामागचे रसायन असे. जायरोफोरिक आम्लाचा रेणू ऑर्सेलिनिक आम्लाच्या तीन घटकांचा बनलेला असतो. अल्कधर्मी द्रावणात तो तुटतो. सुट्या झालेल्या घटकांतून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की ऑर्सिनॉल उरते. ऑर्सिनॉल, अमोनिया आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगाने ऑर्सीन तयार होते आणि तेच रंगद्रव्य. ऑर्सिनॉल वेगळे काढण्याचे श्रेय रोबिके या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला जाते (१८२९). ऑर्सीन हा एकच पदार्थ नसून अनेक सजातीय रंगद्रव्यांचे मिश्रण आहे, हे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यात हान्स मुसो या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या कामातून उलगडले.

लोकर आणि रेशीम या रंगाला लगेच धरतात, तुरटीसारखा रंगबंधक लागत नाही. सुताला तो नीट चढत नाही. आम्ल घातले की छटा लालीकडे झुकते, अल्क घातले की निळसर जांभळ्याकडे. दोष एकच, पण मोठा: उन्हात तो लवकर उडतो. म्हणून रंगारी बहुधा तो एकटा न वापरता नीळ किंवा मंजिष्ठ यांच्या जोडीने वापरत. महागड्या रंगाची बचत व्हावी आणि कापडाला झळाळी यावी, हा त्यातला हिशेब.

पेटंट, भिंत आणि रेनकोट

स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागातल्या आणि नॉर्वेतल्या बायका हा रंग पिढ्यान्‌पिढ्या घरी काढत आल्या होत्या. व्हायकिंग काळातल्या यॉर्क शहराच्या उत्खननात मिळालेल्या कापडांतही शैवाकाचा जांभळा रंग सापडला आहे. त्यामुळे कुथबर्ट गॉर्डन या स्कॉटिश गृहस्थाला या रंगाचा ‘शोधकर्ता’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याने १७५८ मध्ये पेटंट घेतले आणि त्याच्या नावावरून मालाला कडबेअर हे नाव पडले. त्याचे खरे काम वेगळे होते. भूमध्य समुद्राकडून आणि कॅनरी बेटांवरून रोसेला वंशाची शैवाके येत, त्यांच्यापासून ऑर्चिल नावाचा पातळ रंग बने आणि तो महाग पडे. गॉर्डनने घरच्या डोंगरावरचा माल घेऊन तो कोरड्या भुकटीच्या रूपात बाजारात आणला. भुकटी टिकते आणि लांब पाठवता येते. तरीही एडिंबरोजवळच्या लीथ इथला त्याचा कारखाना टिकला नाही.

धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो ग्लासगोच्या जॉर्ज मॅकिंटॉश याने, १७७७ मध्ये. शहराच्या पूर्वेला त्याने कारखाना काढला आणि त्याभोवती उंच भिंत घातली. कामगार गेलिक बोलणारे हायलँडर ठेवले, म्हणजे कृती बाहेर फुटू नये. शैवाक हायलँड्समधून येई आणि मूत्र ग्लासगोच्या घराघरांतून गोळा होई. ही व्यवस्था आज हसण्यावारी नेली जाते, पण एका मोठ्या शहरातून रोज ठरलेल्या प्रतीचा कच्चा माल जमवणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायलँड्समधल्या फोर्ट ऑगस्टसच्या परिसरात शैवाक गोळा करणारा माणूस आठवड्याला १४ शिलिंगपर्यंत कमवू शके. गरीब कुळांना हा मोठाच आधार होता. जवळचे खडक रिकामे झाले तसा माल नॉर्वे-स्वीडनमधून मागवावा लागला.

पुढची कथा रंगाच्या बाहेर जाते. जॉर्जचा मुलगा चार्ल्स मॅकिंटॉश रसायनात मुरलेला होता. मूत्राऐवजी अमोनिया स्वस्तात मिळावा म्हणून १८१९ च्या सुमारास त्याने ग्लासगोच्या गॅस कारखान्याकडून डांबर आणि अमोनियाचे पाणी विकत घेण्याचा करार केला. अमोनिया कडबेअरच्या कामी आला. डांबरातून निघालेल्या नॅफ्था या पातळ तेलाचे काय करायचे हा प्रश्न उरला. त्यात रबर विरघळते हे पाहून त्याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दिला आणि १८२३ मध्ये जलरोधक कापडाचे पेटंट मिळवले. इंग्रजीत आजही रेनकोटला त्याच्या नावाने ओळखतात. पावसाळी कोट जन्माला आला तो एका राखाडी शैवाकाच्या गरजेपोटी, ही गोष्ट रेनकोटच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते.

१८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने कोळशाच्या डांबरापासून मॉव्ह हा कृत्रिम जांभळा रंग काढला. कडबेअर त्याच दिवशी संपले नाही, पण उतरण तिथून लागली. ज्या डांबराबरोबर आधी त्याला अमोनिया मिळाला त्याच डांबराने त्याची बाजारपेठ खाल्ली.

इतर उपयोग

शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस याच कुळकथेतला. नेदरलँड्समध्ये कडबेअर शैवाक आणि रोसेला यांना अमोनियाबरोबर पोटॅश व चुना घालून जास्त काळ मुरवत, म्हणजे निळा लिटमस मिळे. औषधांच्या सरबतांना लाल रंग देण्यासाठी कडबेअरचा अर्क वापरत आणि अमेरिकेच्या औषधसूचीत त्याला जागा होती. युरोपात खाद्यरंग म्हणून ऑर्सीनला आता परवानगी नाही. जीवशास्त्रात मात्र ते टिकून आहे: ला कूर या पेशीतज्ज्ञाने १९४१ मध्ये पेशी रंगवण्याची अ‍ॅसिटो-ऑर्सीन पद्धत दिली आणि कांद्याच्या मुळाच्या टोकातील गुणसूत्रे पाहण्यासाठी ते अजूनही वापरले जाते.

हॅरिस ट्वीडचा प्रसिद्ध तांबूस तपकिरी रंगही शैवाकाचाच, पण त्याचा कडबेअरशी संबंध नाही. तो पार्मेलिया या पानासारख्या शैवाकाला लोकरीबरोबर नुसते उकळून येतो. दोन्हींना गेलिकमध्ये ‘क्रोटल’ म्हणत असल्याने लोकप्रिय लिखाणात त्यांची सरमिसळ होते.

भारतात ऑक्रोलेकिया वंशाच्या काही जाती हिमालयात आढळतात, कडबेअर मात्र महाराष्ट्रात उगवत नाही. सह्याद्रीत खपलीसारख्या शैवाकांना तोटा नाही. सदाहरित जंगलातल्या झाडांच्या सालीवर काळ्या रेघोट्यांची लिपी उमटल्यासारखी दिसते, ती ग्राफिस व त्याच्या भाऊबंदांची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या गटावर अनेक वर्षे काम झाले आहे.

हाती रंगवणाऱ्या कारागिरांना आज या शैवाकाचे आकर्षण आहे, पण खडक खरवडणे कोणी जाणता माणूस सुचवत नाही. वादळात पडलेल्या फांद्यांवरचे किंवा रस्त्याच्या कामात फुटलेल्या दगडांवरचे तेवढे घ्यावे, असा रिवाज आहे. संग्रहालयांपुढचा प्रश्न निराळा. कापडातले ऑर्सीन विश्लेषणात सहज सापडते, पण ते कडबेअरचे की रोसेलाचे हे सांगणे अवघड, कारण दोन्हींतून शेवटी तीच रंगद्रव्ये निघतात. त्यामुळे जुन्या कापडांच्या वर्णनात बहुधा ‘शैवाकाचा जांभळा’ एवढीच नोंद मिळते.