लाभार्थी : मानवजात

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या नफा कमावणाऱ्या शाखेत पैसे घालणाऱ्यांसमोर जो करारनामा ठेवला जाई, त्यात एका चौकटीत इशारा छापलेला होता. ही गुंतवणूक फार जोखमीची आहे, सगळे पैसे बुडू शकतात, परतावा मिळेलच असं नाही. तेव्हा ही रक्कम देणगीच्या भावनेने दिलेली बरी, अशा आशयाचा. संस्थेचं ध्येय नफ्याच्या आधी येईल, हेही तिथेच बजावलेलं होतं. पैसे मागणाऱ्याने पैसे देणाऱ्याला असं लेखी सांगावं, हे व्यवहाराच्या जगात सहसा घडत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात याच उद्योगाची किंमत सुमारे ५०० अब्ज डॉलर धरली गेली आणि गुंतवणूकदारांच्या हाती साधे, नफ्यावर मर्यादा नसलेले समभाग आले. कृत्रिम बुद्धिमत्ता घडवणाऱ्या आणि स्वतःला लोकहिताच्या म्हणवणाऱ्या संस्थांकडे आज लोक संशयाने पाहतात. त्या संशयाची मुळं या दहा वर्षांत आहेत, आणि थोडी त्याच्याही आधीच्या काळात.

लोक चिडले ते ना-नफा म्हणून सुरू झालेल्या ओपनएआयने पैसे मिळवले म्हणून, असं या वादात वारंवार सांगितलं जातं. मला ते पटत नाही. अमेरिकी कायद्यात ना-नफा संस्थेला कमाई करायला कधीच बंदी नव्हती. बंदी आहे ती कमाई वाटून घ्यायला. सभासद, संचालक, मालक यांपैकी कुणाच्याही खिशात शिल्लक जाता कामा नये, ती पुन्हा कार्यातच घातली पाहिजे. हेन्री हान्समन या कायद्याच्या अभ्यासकाने १९८० साली येल विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात या बंधनाची मोठी नेमकी फोड केली होती. आपल्याला मिळणारी सेवा चांगली की वाईट हे जिथे घेणाऱ्याला तपासता येत नाही, तिथे तो ना-नफा संस्थेकडे वळतो, कारण फसवून मिळालेला पैसा तिथे कुणाला घरी नेता येत नाही. दूरदेशीच्या दुष्काळग्रस्तांसाठी दिलेले पैसे पोहोचले का, हे देणाऱ्याला कुठे दिसतं? तो विश्वास टाकतो तो या बंधनावर.

कृत्रिम बुद्धिमत्तेला ही फोड तंतोतंत लागू पडते. मॉडेल कशावर शिकवलं, चाचण्यांत काय आढळलं, कुठला धोका दिसूनही पुढे जायचं ठरलं, यातलं बाहेरच्या माणसाला काहीही पडताळता येत नाही. म्हणून ‘आम्ही नफ्यासाठी नाही’ हे वाक्य इथे केवळ शोभेचं नव्हतं. त्या वाक्याच्या भरवशावर देणग्या आल्या, शास्त्रज्ञ आले, सरकारदरबारी शब्दाला वजन आलं.

अशा संस्थेने रूप बदलायचं ठरवलं की काय होतं, याचा धडा अमेरिकेने आरोग्यविम्याच्या क्षेत्रात घेतला होता. कॅलिफोर्नियात ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या आरोग्य योजना एकामागून एक कंपन्या होऊ लागल्या, तेव्हा वर्षानुवर्षं करसवलतीवर आणि लोकांच्या भरवशावर उभी राहिलेली मत्ता कुणाची, हा प्रश्न पुढे आला. हेल्थ नेटच्या रूपांतरातून १९९२ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचं एक स्वतंत्र धर्मादाय प्रतिष्ठान निघालं. ब्लू क्रॉस ऑफ कॅलिफोर्नियाने १९९३ मध्ये वेलपॉइंट नावाची नफा कमावणारी कंपनी काढून आपला बहुतेक कारभार तिच्याकडे वळवला. आपण अजून ना-नफाच आहोत, तेव्हा कुणाचं काही देणं लागत नाही, असा तिचा पवित्रा होता. ग्राहक संघटना, आमदार आणि नियामक यांनी तो चालू दिला नाही. १९९६ मध्ये प्रकरण मिटलं तेव्हा ३ अब्ज डॉलरहून अधिक मत्ता दोन नव्या प्रतिष्ठानांकडे गेली. संस्थेचं रूप बदलता येतं, पण धर्मादाय मत्तेचं पूर्ण मोल धर्मादाय कामातच राहिलं पाहिजे, हा नियम त्या भांडणातून पक्का झाला.

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातही नमुने होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेने ‘डॉट ऑर्ग’ पत्त्यांची नोंदवही सांभाळणारी आपली संस्था इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला सुमारे १.१ अब्ज डॉलरना विकायचं ठरवलं. ज्या पत्त्यावर जगभरातल्या सेवाभावी संस्था राहतात, तोच पत्ता विक्रीला. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यांनी, विरोध कळवला आणि ३० एप्रिल २०२० रोजी इंटरनेटवरच्या पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने व्यवहाराला परवानगी नाकारली. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी उभारलेलं एडएक्स हे शिक्षणपीठ मात्र २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना टूयू या कंपनीकडे गेलं. पैसे ना-नफा संस्थेकडेच आले, पण ज्यांनी ते सार्वजनिक काम समजून अभ्यासक्रम तयार केले होते त्यांच्या मनाला ते लागलं. तीनच वर्षांत टूयूने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ओपनएआयची घोषणा ११ डिसेंबर २०१५ रोजी झाली. सॅम ऑल्टमन, इलॉन मस्क, ग्रेग ब्रॉकमन, गूगल सोडून आलेले इल्या सुट्स्केव्हर आणि इतर काही जण एकत्र आले होते, आणि १ अब्ज डॉलर द्यायचा शब्द देणगीदारांनी दिला होता. आर्थिक परतावा मिळवण्याच्या गरजेपासून मोकळं राहून सगळ्या मानवजातीच्या हिताचं संशोधन करू, असं घोषणेत म्हटलं होतं. डेलावेअर राज्यात झालेल्या नोंदणीच्या कागदात तर ही संस्था कुणाही व्यक्तीच्या खासगी लाभासाठी नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. लोकांनी नावातला ‘ओपन’ हा शब्द वाचला आणि त्याचा सरळ अर्थ घेतला : जे सापडेल ते सगळ्यांसाठी खुलं.

आतला अर्थ वेगळा होता. घोषणेला जेमतेम तीन आठवडे झाले असताना, २ जानेवारी २०१६ ला, सुट्स्केव्हर यांनी सहकाऱ्यांना ईमेल लिहिली. ‘ओपन’ म्हणजे तंत्रज्ञान तयार झाल्यावर त्याची फळं सगळ्यांना मिळावीत, पण त्यामागचं विज्ञान सांगितलं नाही तरी चालेल. सुरुवातीला सगळं खुलं ठेवणं माणसं जमवायला उपयोगी पडतं, असा त्यातला मजकूर. मस्क यांनी एका शब्दात होकार दिला. लोकांना ही ईमेल वाचायला मिळाली ती मार्च २०२४ मध्ये, मस्क यांनी ओपनएआयवर लावलेल्या दाव्याला उत्तर म्हणून कंपनीनेच ती छापली तेव्हा. मधली आठ वर्षं बाहेरचे लोक एका अर्थाने टाळ्या वाजवत होते आणि आतले दुसऱ्या अर्थाने काम करत होते. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खुपते ती ही ईमेल.

पैशाची अडचण मात्र खरी होती, ती नाकारून चालणार नाही. जाहीर झालेल्या १ अब्ज डॉलरपैकी देणग्यांच्या रूपाने प्रत्यक्षात सुमारे १३ कोटी डॉलरच आले. मॉडेल जितकी मोठी तितकी हुशार होत जातात असं दिसू लागल्यावर संगणनाचा खर्च अब्जांत जाणार, हे २०१७ मध्येच कळून चुकलं. त्या वर्षी नफ्याची शाखा काढायची चर्चा झाली. कंपनीच्या म्हणण्यानुसार मस्क यांना बहुसंख्य हिस्सा आणि नियंत्रण हवं होतं. ते जमलं नाही आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते संचालक मंडळातून गेले. म्हणजे आज रूपांतराविरुद्ध सगळ्यांत मोठ्याने बोलणारा माणूसही त्या पहिल्या चर्चेत सामील होता. एप्रिल २०१८ मध्ये संस्थेने सनद प्रसिद्ध केली आणि आपलं प्रमुख विश्वस्त कर्तव्य मानवजातीशी असल्याचं तीत नोंदवलं.

मग मार्च २०१९ मध्ये ‘मर्यादित नफ्या’ची रचना आली. वर ना-नफा संस्था, खाली कंपनी. पहिल्या फेरीच्या गुंतवणूकदाराला घातलेल्या रकमेच्या जास्तीत जास्त १०० पट परतावा, आणि त्यापुढचं सगळं ना-नफा संस्थेचं. तेव्हा अनेकांना १०० पट ही मर्यादा चेष्टेची वाटली. पण मानवी श्रमाची जागा घेणारं यंत्र खरंच बनलं, तर त्याची संपत्ती १०० पटींच्या कितीतरी पुढे जाईल आणि तो सगळा ओघ सार्वजनिक कामाकडे वळेल, हा त्यामागचा हिशेब होता. जुलै २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने १ अब्ज डॉलर घातले. २०२० मध्ये जीपीटी-३ या भाषा-मॉडेलचा खास परवाना मायक्रोसॉफ्टकडे गेला. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ सोबत तांत्रिक अहवाल निघाला, पण मॉडेल किती मोठं आहे, कोणत्या मजकुरावर शिकवलं, यातलं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. स्पर्धा आणि सुरक्षितता ही दोन कारणं एकाच वाक्यात देण्यात आली होती. वाचणाऱ्याने यातलं खरं कारण कोणतं समजायचं?

तरीही एक आधार उरला होता. वरचं मंडळ ना-नफा संस्थेचं होतं, आणि वेळ आली तर ते कंपनीला थांबवू शकेल, असं सांगितलं जाई. ती वेळ शुक्रवारी, १७ नोव्हेंबर २०२३ ला आली. कंपनीचे मुख्याधिकारी ऑल्टमन मंडळाशी बोलताना सातत्याने मोकळे नव्हते, एवढंच कारण देऊन मंडळाने त्यांना काढलं. तपशील सांगितला नाही, ही मंडळाची मोठी चूक. पुढचे पाच दिवस खरी ताकद कुणाकडे आहे ते दाखवून गेले. मायक्रोसॉफ्टने ऑल्टमन यांना आपल्याकडे जागा देऊ केली. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिक जणांनी राजीनाम्याच्या इशाऱ्यावर सही केली. कर्मचाऱ्यांचे समभाग मोठ्या भावाने विकत घेण्याची बोलणी तेव्हा चालूच होती, हेही विसरू नये. ऑल्टमन परतले, हेलन टोनर, ताशा मॅकॉली आणि सुट्स्केव्हर मंडळाबाहेर गेले. मंडळाला कागदावर अधिकार होता आणि त्यांनी तो वापरूनही पाहिला, पण तो टिकला नाही.

पुढच्या मे महिन्यात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. सुरक्षिततेच्या दीर्घकालीन प्रश्नांवर काम करणाऱ्या ज्या गटाला संगणन क्षमतेचा २० टक्के वाटा द्यायचं वचन जुलै २०२३ मध्ये दिलं होतं, तो वर्षही पुरं व्हायच्या आत मोडला. त्याचे एक प्रमुख यान लायके यांनी जाताना जाहीरपणे लिहिलं, की चकचकीत उत्पादनांपुढे सुरक्षितता मागे पडली आहे. आणि सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना कंपनीविरुद्ध बोलणार नाही अशी सही करायला लावत, न केल्यास कमावलेले समभाग गमवावे लागतील अशी कलमं कागदांत होती, हे उघड झालं. ऑल्टमन यांनी माफी मागितली, ती कलमं काढली गेली. आतल्या माणसाचं बोलणं हाच बाहेरच्यांचा एकमेव डोळा असतो, म्हणून हा घाव खोल गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की नफ्याची शाखा ‘पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशन’, म्हणजे नफ्याबरोबर लोकहितही ध्येयात नोंदवणारी कंपनी, होणार आणि ना-नफा संस्था तिच्यात हिस्सा घेऊन वेगळं धर्मादाय काम करणार. नियंत्रण जाणार, असाच त्याचा अर्थ होता. त्याआधी ऑक्टोबरात आलेल्या ६.६ अब्ज डॉलरना दोन वर्षांत रूपांतर करण्याची अट जोडलेली होती.

आणि इथे धर्मादाय कायद्यातली एक जुनी अडचण समोर आली. ही मत्ता मानवजातीच्या नावावर. पण मानवजात न्यायालयात उभी राहू शकत नाही. भागधारकाचं नुकसान झालं तर तो दावा लावतो. सार्वजनिक ध्येयाचं नुकसान झालं, तर ते पाहण्याचा अधिकार मुख्यतः राज्याच्या ॲटर्नी जनरलचा. इथे ते दोन : डेलावेअरच्या कॅथी जेनिंग्स आणि कॅलिफोर्नियाचे रॉब बोन्टा. म्हणून कॅलिफोर्नियातल्या अनेक ना-नफा संस्थांनी अर्ज केला तो त्यांच्याकडे. एप्रिल २०२५ मध्ये माजी कर्मचारी, कायद्याचे प्राध्यापक आणि जेफ्री हिंटन यांच्यासारखे शास्त्रज्ञ यांनी खुलं पत्र लिहिलं तेही त्यांनाच उद्देशून. मस्क यांनी फेब्रुवारीत ना-नफा संस्थेची मत्ता ९७.४ अब्ज डॉलरना मागितली होती. मंडळाने नकार दिला. मस्क यांची स्वतःची प्रतिस्पर्धी कंपनी आहे, त्यामुळे त्यांच्या हेतूवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या बोलीने नियंत्रणालाही मोल असतं, हे आकड्यात मांडलं गेलं.

५ मे २०२५ ला कंपनीने माघार घेतली : नियंत्रण ना-नफा संस्थेकडेच राहील. लोकांनी पत्रं लिहिली, दोन सरकारी कार्यालयांनी प्रश्न विचारले आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य उद्योगांपैकी एकाला आपला बेत बदलावा लागला, ही साधी गोष्ट नाही.

२८ ऑक्टोबर २०२५ ला रूपांतर पुरं झालं. ओपनएआय फाउंडेशन असं नवं नाव घेतलेल्या ना-नफा संस्थेकडे सुमारे २६ टक्के हिस्सा, मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के, उरलेला कर्मचारी आणि इतर गुंतवणूकदारांकडे. कंपनीचे संचालक नेमण्याचा अधिकार फाउंडेशनचा. पण दोन्ही मंडळांवर बहुतेक माणसं तीच. सुरक्षितता समिती फाउंडेशनच्या मंडळाखाली ठेवली आहे, आणि तिचे अध्यक्ष झिको कोल्टर कंपनीच्या मंडळात मतदानाचा हक्क नसलेले निरीक्षक म्हणून बसतात. आरोग्य आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांपासून संरक्षण या कामांसाठी २५ अब्ज डॉलर देण्याचं वचन आहे. ही रक्कम खरोखर प्रचंड आहे.

पण १०० पटींची मर्यादा गेली. त्यापुढचं सगळं ज्या सार्वजनिक कामाकडे जायचं होतं, त्याला रूपांतराच्या वेळी मिळाले सुमारे २६ टक्के, आणि त्याशिवाय एक अधिकारपत्र : १५ वर्षांनंतर समभागाचा भाव दहापटीहून वर गेलेला असेल, तर फाउंडेशनला आणखी समभाग मिळतील. किती, ते लोकांना सांगितलेलं नाही.