पैठणीचा पदर उलटून पाहा: तिल्लीची वीण आणि जकार्डची वीण

दोन पैठण्या शेजारी अंथरल्या, एक तिल्लीने विणलेली, दुसरी जकार्डने, दोन्हींच्या पदरावर बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलातला मोर) आणि काठाला मुनिया (छोटे पोपट), तर सुलट बाजूने फरक ओळखणं सरावलेल्या डोळ्यालाही जड जातं. पदर उलटला की उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं.

येवला-पैठणच्या जुन्या विणीत पदरावरच्या प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळा असतो. तो तिल्ली नावाच्या छोट्या रिळावर गुंडाळतात आणि नक्षीत त्या रंगाची जेवढी जागा, तेवढ्यातच तो जातो-येतो. शेजारच्या रंगाची हद्द आली की दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवायचे. प्रत्येक ओळीत हे प्रत्येक रंगासाठी करावं लागतं, म्हणून भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात. यात मागून धागा लोंबत जायला वावच नसतो. सुरुवातीची आणि शेवटाची बारीक टोकं सोडली तर मोर उलट्या बाजूनेही तसाच भरीव दिसतो.

जकार्ड म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे आपोआप उचलणारं, मागावर बसवायचं यंत्र. त्यावर मूळ कापडाची वीण चालू असते आणि नक्षीचा रंगीत धागा त्यात जादा घातला जातो. जिथे तो दिसायला नको, तिथे तो मागून मोकळा पुढे सरकतो. हे मोकळे धागे तसेच ठेवले तर अंगठीत, बांगडीत अडकून नक्षी ओढली जाते. कापले तर मागे आखूड, खरखरीत टोकं राहतात आणि वीण सैल असेल तर वापरात निसटू लागतात.

आता एक गल्लत, जी विक्रेतेही करतात. मागे मोकळे धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असं नाही. जकार्ड हातमागावरही बसवतात. माग हाताने चालतो की विजेवर हा एक प्रश्न, आणि नक्षी तिल्लीने भरली की जकार्डने उचलली हा दुसरा. म्हणून ‘ओरिजिनल आहे का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. ‘पदर तिल्लीचा आहे की जकार्डचा, आणि माग कोणता?’ असं विचारा.

लेबलांचंही तसंच. 2004 साली आलेलं सिल्क मार्क धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढंच सांगतं. यंत्रमागाच्या रेशमी साडीलाही ते मिळू शकतं. 2006 चं हँडलूम मार्क हातमागाची खात्री देतं, पण नक्षी कशी भरली ते त्यातून कळत नाही. दोन्ही खुणा असल्या तरी पदर उलटायचाच.

‘हाताचं काम आहे, थोडं इकडे-तिकडे चालायचंच’ हे वाक्य मात्र सरसकट मान्य करू नका. एका मोराची मान दुसऱ्यापेक्षा किंचित जाड असेल तर ती हाताची खूण आहे, साडीला त्याने काही होत नाही. पण पदर उजेडासमोर धरल्यावर दोन रंगांच्या मध्ये उभी फट दिसली, तर तिथे धागे एकमेकांत अडकवायचे राहून गेले आहेत. ती फट वापरात वाढते. साडीच्या लांबीभर सरळ रेघ दिसत असेल तर उभा धागा तुटून तसाच राहिला आहे. हे दोष आहेत आणि किंमत ठरवताना ते बोलून दाखवायला हवेत. शिवाय उभा धागा यंत्रमागावरही तुटतो, तेव्हा दोष दिसला म्हणून हातमाग सिद्ध होत नाही. गडद रंग असेल तर आतल्या टोकाला ओला पांढरा सुती रुमाल घासून पाहा. रंग लागला तर काठाची फिकट बाजू पहिल्या धुण्यातच डागाळेल.

यंत्रमागाची पैठणी घेण्यात गैर काही नाही, ती त्याच नावाने आणि त्याच भावाने विकली गेली पाहिजे. हातमागाची घ्यायची आणि पैसे बेताचे असतील, तर अंगभर बुट्ट्यांच्या जकार्ड साडीपेक्षा साधं अंग, अरुंद काठ आणि छोटा पण तिल्लीचा पदर आम्ही सुचवू. त्यातही आपण साडी कशी नेसतो ते आधी आठवावं. पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन लावायची सवय असेल, तर हातभर लांबीचे मोर घडीतच राहतात. तिथे खरा उठाव काठाला येतो. पदर मोकळा सोडणाऱ्या बाईने मात्र पैसे पदरातच घालावेत.